बटाटा, लाळ आणि अननस: विकरं कशी काम करतात ते ओट्यावर करून पाहा

एक बटाटा उकडून घ्या, दुसरा कच्चाच राहू द्या. दोन्हींची साधारण सारखी फोड कापा, दोन काचेच्या पेल्यांत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड ओता आणि एकेक फोड सोडा. कच्च्या फोडीभोवती काही सेकंदांत पांढरा फेस चढायला लागतो. उकडलेली फोड तळाशी गप्प बसते.

दोन्ही बटाटे एकाच पिशवीतले. मग उकडताना नेमकं काय गेलं? मुलांना विचारलं की ‘जीवनसत्त्वं गेली’ असं उत्तर येतं, आणि मोठी माणसंही फारसं वेगळं सांगत नाहीत. फेस काढणारं प्रथिन उकडलेल्या बटाट्यातही आहेच. मोडली आहे ती त्याची घडी. विकर, म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतो ते, ही नेमकी घातलेली घडी असते. एवढी एक गोष्ट धरून ठेवली की पाठ्यपुस्तकातले ‘विकरांचे गुणधर्म’ वेगळे पाठ करावे लागत नाहीत. पुढचे प्रयोग याच एका गोष्टीला वेगवेगळ्या बाजूंनी खरवडून पाहणारे आहेत.

आधी थोडं घडीबद्दल

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. बटाट्यातलं जे विकर फेस काढतं त्याचं नाव कॅटॅलेज. त्यात अशा चार माळा असतात, प्रत्येकीत सुमारे ५०० मणी. माळ सैल पडून राहत नाही. ती स्वतःभोवती गुंडाळली जाऊन ठरलेला आकार घेते आणि त्या आकारात एक खाच तयार होते. कॅटॅलेजच्या खाचेत लोहाचा अणू बसवलेला असतो, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच. पेरॉक्साइडचा रेणू खाचेत शिरतो, फुटतो, पाणी आणि ऑक्सिजन होऊन बाहेर पडतो, आणि खाच पुढच्या रेणूला मोकळी. एक कॅटॅलेज एका सेकंदात लाखो-कोटी रेणू असे हातावेगळे करतं.

आता यात विकराने नवीन काय केलं? काहीच नाही. कपाटात पडलेल्या बाटलीतलं पेरॉक्साइड तसंही आपोआप फुटत असतं. म्हणून तर जुनी बाटली मवाळ होते. पण फुटायच्या आधी रेणूला एका अवघडलेल्या, ताणलेल्या अवस्थेतून जावं लागतं आणि तिथवर पोहोचायला ऊर्जा लागते. बहुतेक रेणूंकडे ती नसते, म्हणून ते थांबून राहतात. विकराची खाच त्या अवघडलेल्या अवस्थेला आधार देते, त्यामुळे तिथवर पोहोचायची ऊर्जा कमी लागते. उत्प्रेरक म्हणतात तो यालाच. अभिक्रिया शेवटी कुठे जाऊन थांबणार हे विकराच्या हातात नसतं. ती किती वेळात तिथे पोहोचणार हे असतं.

हा वेळेचा फरक किती असू शकतो? आरएनएचे घटक बनवताना पेशीला एका रेणूतून कार्बन डायऑक्साइड काढून टाकावा लागतो. विकराविना, साध्या पाण्यात, निम्मे रेणू बदलायला सुमारे ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील. विकर असेल तर हेच काम सेकंदाच्या काही शतांशांत होतं.

काय काय लागेल

हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात मिळतं. बाटलीवर टक्केवारी वाचा. ६ टक्के, म्हणजे २० व्हॉल्यूम, लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घालून ३ टक्के करून घ्या. त्याहून तीव्र द्रावण घरी आणू नका. मुलं सोबत असतील तर मोठ्या माणसाने ओतावं, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि फेस येत असलेल्या बाटलीला झाकण कधीही लावू नये, कारण आत वायू साठत असतो.

बाकी सामान: बटाटे, कॉर्नफ्लोअर, व्हिनेगर, जखमेला लावायचं तपकिरी पोव्हिडोन-आयोडीन, ताजा अननस, जिलेटिन, चायना ग्रास, मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ, आणि घड्याळ. प्रयोगाच्या भांड्यांत नंतर खाऊ-पिऊ नका. मी तर जुने चहाचे पेले यासाठी वेगळेच काढून ठेवले आहेत.

पहिला प्रयोग: बटाटा

सुरुवातीचे दोन पेले तुम्ही केलेच. आता तिसऱ्या पेल्यात कच्चा बटाटा किसून टाका. फेस जोरात उसळेल. खाचा बटाट्याच्या पेशींत बंद आहेत. किसल्यावर जास्त पेशी फुटतात आणि जास्त खाचा पेरॉक्साइडला भेटतात.

फेसात ऑक्सिजनच आहे हे तपासायला पेटलेल्या उदबत्तीचं लाल टोक पेल्याच्या तोंडाशी, फेसाच्या जरा वर धरा. टोक झगझगीत होतं.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. फेस पूर्ण बसू द्या. मग दोन गोष्टी तपासा. वरचं पाणी दुसऱ्या पेल्यात काढून त्यात ताज्या कच्च्या बटाट्याची फोड टाका: काही होत नाही, झालंच तर अगदी किरकोळ, कारण पेरॉक्साइड संपलंय. आता जुन्या फोडीवर नवं पेरॉक्साइड ओता: पुन्हा फेस. म्हणजे काम करून विकर संपलं नव्हतं, कामच संपलं होतं. ‘उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होत नाही’ हे वाक्य परीक्षेत सगळे लिहितात. ते असं डोळ्यांनी पाहायला दोन मिनिटं लागतात.

आकडे हवे असतील तर कागदी टिकल्यांची पद्धत वापरा.

१. एक बटाटा किसा, अर्धी वाटी गार पाणी घाला, मलमलच्या फडक्यातून पिळून रस काढा. रस गार ठेवा.

२. फिल्टर पेपरमधून पंचिंग मशीनने सारख्या गोल टिकल्या पाडा.

३. पेल्यात पाच सेंटिमीटर उंचीपर्यंत पेरॉक्साइड घ्या. टिकली रसात बुडवा, चिमट्याने उचला, जास्तीचा रस निथळू द्या आणि तळाशी नेऊन सोडा.

४. टिकलीवर बुडबुडे धरतात आणि ते तिला वर उचलतात. तळापासून पृष्ठभागापर्यंत यायला किती सेकंद लागले ते लिहा. प्रत्येक वेळी पाच टिकल्या करून सरासरी घ्या.

५. उकळून गार केलेल्या रसाची एक टिकली जरूर सोडा. ती तळाशीच राहिली पाहिजे. वर आली तर तुमचा कागदच हवा धरतोय, आधी तो बदला.

आता रसात दुप्पट पाणी घालून पाहा: टिकल्या रेंगाळतील. मग रस मूळचाच ठेवा आणि पेरॉक्साइड बदला: अर्धा टक्का, एक, दोन, तीन. एक भागिले सेकंद म्हणजे वेग, असं धरून आलेख काढा. रेघ आधी चढते आणि मग झुकायला लागते. बँकेत पैसे भरायच्या चारच खिडक्या असतील तर रांग कितीही वाढवा, चार खिडक्यांच्या वेगापुढे काम जात नाही. या झुकणाऱ्या रेघेचं गणित १९१३ साली लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी बर्लिनमध्ये मांडलं, साखर फोडणाऱ्या एका विकरावर काम करताना. आपल्या प्रयोगात एक मेख आहे ती सांगून टाकते: जास्त तीव्र पेरॉक्साइड स्वतः कॅटॅलेजलाच इजा करतं, त्यामुळे रेघेतला सगळा झुकाव रांगेमुळेच आलाय असं म्हणता येत नाही.

दुसरा प्रयोग: लाळ

हा करायला सोपा आणि फसायलाही सोपा. पोहे किंवा पोळीचा घास न गिळता दोन मिनिटं चावत राहिलं की तो गोडसर लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज स्टार्चच्या लांब साखळीचे तुकडे करतं, त्यात माल्टोज ही साखर तयार होते. हे जिभेवर कळतं. पेल्यात दाखवायचं असेल तर आयोडीन लागेल. स्टार्च असेल तर आयोडीन निळं-काळं होतं.

पाव चमचा कॉर्नफ्लोअर एक कप पाण्यात उकळा आणि गार करा. खळ पातळच हवी. घट्ट केलीत तर तासभर बसावं लागेल. तोंड आधी साध्या पाण्याने खळखळून घ्या, मग दोन चमचे पाणी मिनिटभर तोंडात फिरवून वाटीत घ्या. ही झाली लाळ. प्रत्येकाने स्वतःचीच वापरायची. आयोडीन पाण्यात घालून कोऱ्या चहाच्या रंगाचं करा आणि पांढऱ्या बशीत त्याचे थेंब ओळीने मांडा.

चार वाट्यांत सारखी खळ घ्या. पहिलीत लाळ घालून वाटी कोमट पाण्यात ठेवा, अंगाइतकी ऊब पुरे. दुसरीत लाळ घालून वाटी बर्फात. तिसरीत उकळून पुन्हा कोमट केलेली लाळ. चौथीत लाळ आणि एक चमचा व्हिनेगर. दर दोन मिनिटांनी प्रत्येकीतला एक थेंब बशीतल्या आयोडीनवर सोडा.

पहिल्या वाटीचे थेंब निळ्याचे जांभळे, मग तांबूस होत जातात आणि शेवटी आयोडीनचाच रंग उरतो. बाकी तिन्ही निळ्या राहतात. यात तुमच्या पेल्याला पाच मिनिटं लागली आणि शेजारणीला पंधरा, तर चूक झाली असं समजू नका. अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक बदलतात. काहींत दोन-तीन, काहींत दहाहून जास्त.

खरी गंमत नंतर. बर्फातली वाटी कोमट पाण्यात आणा. थोड्या वेळाने तिचाही रंग जातो. उकळलेल्या लाळेची वाटी मात्र कितीही वेळ कोमट ठेवली तरी निळीच. थंडीत रेणूंची धावपळ मंदावते, खाचेपर्यंत पोहोचणारे कमी होतात, पण घडी शाबूत असते. उकळताना घडी धरून ठेवणारे नाजूक बंध तुटतात आणि माळेचा गुंता होतो, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा. अंडं गार केलं म्हणून पुन्हा पातळ होत नाही.

व्हिनेगरने काय केलं? आम्लामुळे माळेवरच्या काही मण्यांचे विद्युतभार बदलतात, आणि भारांच्या ओढाताणीवर उभी असलेली खाच बिघडते. प्रत्येक विकराला मानवणारं पाणी वेगळं. पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, सात म्हणजे उदासीन आणि त्याखाली आम्ल. लाळेच्या अमायलेजला उदासीनाजवळचा पीएच लागतो, तर जठरातलं पेप्सिन पीएच दोनच्या आसपास उत्तम चालतं. म्हणून घासाबरोबर गिळलेलं अमायलेज जठरातल्या आम्लात थंडावतं आणि स्टार्चचं उरलेलं काम लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज करतं.

व्हिनेगरऐवजी लिंबू का नको? मी पहिल्यांदा लिंबूच पिळलं होतं. थेंब बशीत पडताच निळा रंगच आला नाही आणि मी ‘आम्लात तर अमायलेज जास्तच वेगाने चालतं’ असा उलटा निष्कर्ष घरभर सांगून मोकळी झाले. दोन दिवसांनी लाळ न घालता, नुसती खळ आणि लिंबू घेतलं, तरीही रंग नाही. लिंबातलं क जीवनसत्त्वच आयोडीनचा रंग घालवत होतं. तेव्हापासून ‘विकर नसलेली वाटी’ ठेवल्याशिवाय मी कोणताही प्रयोग करत नाही. तुम्हीही पाचवी वाटी मांडा: फक्त खळ आणि व्हिनेगर.

इथे क्षणभर थांबून एका गोष्टीचं नवल वाटून घ्यायला हवं. लाळ शरीराबाहेर, वाटीत आहे, तरी काम करते. एकोणिसाव्या शतकात हे सहज मान्य होण्यासारखं नव्हतं. साखरेची दारू होणं हे जिवंत यीस्टचंच काम, असं लुई पाश्चरसारखे लोक मानत. १८९७ साली एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढला. रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर आंबली. त्यांना १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. विकर म्हणजे प्रथिन हे ठरायला मात्र १९२६ उजाडलं, जेम्स समनर यांनी अबईसारख्या शेंगेच्या दाण्यांतून युरिएजचे स्फटिक मिळवले तेव्हा. पुढे काही आरएनए रेणूही उत्प्रेरक असतात असं कळलं, पण तो वेगळा विषय.

तिसरा प्रयोग: अननस आणि दोन जेल्या

कुलूप आणि किल्ली ही उपमा एमिल फिशर यांनी १८९४ साली दिली: प्रत्येक विकराच्या खाचेत ठरावीक आकाराचाच रेणू बसतो. डॅनियल कॉशलंड यांनी १९५८ मध्ये ती दुरुस्त केली; खाच लवचीक असते, रेणू आत आल्यावर ती त्याच्याभोवती आवळते. दोन्हींचा मथितार्थ एकच की विकर निवडक असतं, आणि ही निवड अननसावर छान दिसते.

अननसातलं ब्रोमेलेन प्रथिनं कापतं. जिलेटिन हे प्रथिन आहे. चायना ग्रास समुद्री शेवाळातून काढतात, ते साखरेच्या घटकांच्या साखळ्यांचं बनलेलं असतं. आधी पाकीट तपासा: शाकाहाराचं हिरवं चिन्ह असलेल्या तयार जेलीत जिलेटिन नसतं, त्यामुळे प्रयोग फसेल.

जिलेटिन आणि चायना ग्रास आपापल्या पाकिटावरच्या प्रमाणात वेगवेगळे विरघळवा. दोन्ही बोटाला सोसेल इतपत निवू द्या, पण चायना ग्रासवर लक्ष ठेवा, ते फ्रिजबाहेरच धरायला लागतं. ही पायरी चुकवू नका. कडकडीत चायना ग्रासमध्ये अननस टाकलात तर ब्रोमेलेन उष्णतेनेच मरेल आणि तुमच्या निकालावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आता तीन वाट्या: जिलेटिन आणि कच्चा अननस, जिलेटिन आणि दहा मिनिटं उकळून गार केलेला अननस, चायना ग्रास आणि कच्चा अननस. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

सकाळी पहिली वाटी पाणीच, बाकी दोन घट्ट. अननस शिऱ्यात किंवा दुधाच्या पदार्थात घालायच्या आधी शिजवून घ्यायची पद्धत आहे, तिच्या मागेही हेच आहे. कच्चा घातला की ब्रोमेलेन दुधातल्या केसीनचे तुकडे करतं, आणि ते तुकडे कडू लागतात. कच्च्या पपईतलं पपेन याच जातीचं, म्हणून मटण मऊ करायला ती लावतात.

चौथा प्रयोग: मोड आलेली नाचणी

नाचणी भिजवून, दोन दिवस मोड आणून, वाळवून दळा. भाजू नका, भाजलं की घडी गेली. कोणत्याही साध्या पिठाची पातेल्यात चमचा उभा राहील इतकी घट्ट खीर शिजवा. ती साधारण ६० अंशांपर्यंत, म्हणजे बोट क्षणभरच सोसेल इतकी निवू द्या आणि दोन वाट्यांत वाटा. एकीत चमचाभर मोडाचं पीठ, दुसरीत तेवढंच बिनमोडाच्या नाचणीचं पीठ घालून ढवळा. पाच-दहा मिनिटांत पहिली खीर पळी ओघळेल इतकी पातळ होते.

दाण्यात स्टार्चचा साठा असतो, पण कोंब फुटेपर्यंत तो फोडायची गरज नसते. पाणी मिळालं की अंकुर संप्रेरक सोडतो आणि दाण्याच्या पेशी अमायलेज बनवायला लागतात. जिवंत पेशीचं हे वैशिष्ट्य पेल्यात दिसत नाही, मोडात दिसतं: कोणतं विकर केव्हा बनवायचं हे ती ठरवते. बाळांच्या खिरीत मोडाचं पीठ घालण्यामागचं शास्त्रही हेच. खीर पातळ राहून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. बाळाला द्यायची असेल तर शेवटी पुन्हा उकळी आणा.

१८३३ साली आन्सेल्म पेयाँ आणि जाँ-फ्रान्स्वा पेर्सो या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी मोड आलेल्या जवांतून हेच वेगळं काढलं होतं आणि त्याला डायास्टेज नाव दिलं. विकरांच्या नावांमागे ‘एज’ लागतं ते तिथून.

लसूण, आणि पेशीतल्या भिंती

छोटासा प्रयोग. अख्ख्या लसणाच्या पाकळीला वास जवळजवळ नसतो. ठेचली की घमघमाट. अलीन नावाचा रेणू आणि त्याला फोडणारं अलीनेज पेशींमध्ये वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, ठेचताना भिंती फुटून त्यांची गाठ पडते. पाकळी आधी सालीसकट उकळा आणि मग ठेचा: तो झणझणीतपणा येत नाही. वांगं चिरल्यावर काळं पडतं तेही असंच कप्पे फुटल्यामुळे. पाण्यात बुडवलं की हवेतला ऑक्सिजन पोहोचत नाही. मीठ त्या विकराला आवर घालतं.

खाच अडवली तर

हे घरी करायचं नाही, पण सांगायला हवं. नसांकडून स्नायूंना निरोप देणारं अ‍ॅसिटिलकोलीन काम झाल्यावर लगेच मोडावं लागतं. ते मोडणाऱ्या विकराच्या खाचेत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं घट्ट चिकटून बसतात. निरोप थांबतच नाहीत: तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर, आणि शेवटी श्वास अडतो. कीटक मरतो तो याच कारणाने, आणि माणसातलं हे विकर कीटकापेक्षा फार वेगळं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा वापरात असलेल्या औषधांत या गटातलीही होती. उपचारात अ‍ॅट्रोपिन निरोपांचा परिणाम आवरतं, तर प्रॅलिडॉक्सिम खाचेत बसलेलं विष उचकटून विकर मोकळं करतं. पण उशीर झाला की विष आणि विकर यांचा बंध पक्का होतो आणि मग ते निघत नाही. फवारणीनंतर मळमळ, घाम, धूसर दिसणं सुरू झालं तर ‘सकाळी पाहू’ म्हणायचं नाही ते यासाठी. कपडे उतरवून, अंग धुऊन लगेच दवाखाना, आणि औषधाचा डबा बरोबर.

अडवणूक दर वेळी घातकच असते असं नाही. अ‍ॅस्पिरिन वेदनेचे रेणू बनवणाऱ्या विकराची खाच बंद करतं. पेशी स्वतःही हे तंत्र वापरते: एखादं अमिनो आम्ल पुरेसं तयार झालं की तेच जाऊन साखळीतल्या पहिल्या विकराला चिकटतं आणि कारखाना थांबवतं.

आणि पिशवीतलं दूध

मोडलेली घडी उपयोगाचीही असते. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं विकर असतं. क्षयाचे जंतू मारायला जेवढी उष्णता लागते, त्याहून किंचित जास्त उष्णतेत त्याची घडी मोडते. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं की ते संपतं. म्हणून डेअरीच्या प्रयोगशाळेत जंतू मोजत न बसता आधी दुधात एक खास रसायन घालून पाहतात. फॉस्फटेज जिवंत असेल तर ते त्या रसायनाला फोडतं आणि रंग येतो. रंग आला की दूध नीट तापलेलं नाही, किंवा तापल्यावर त्यात कुठून तरी कच्चं दूध मिसळलं आहे, आणि ती खेप अडवली जाते.